पिलांचा पहिला पंधरवडा

पाणपक्ष्यांविषयी मराठीत आजवर जे लेखन झाले आहे, त्यातील बराचसा भाग हिवाळ्याचा आहे; आणि त्यात नवल करण्यासारखे काही नाही. मार्गशीर्ष-पौषात नांदूरमधमेश्वरच्या बंधाऱ्यावर किंवा नाथसागराच्या उथळ फुगवट्यावर तलवार बदकांचे, थापट्यांचे आणि चक्रवाकांचे थवे उतरले, की ज्याला पक्ष्यांचे एरवी फारसे अगत्य नाही असा मनुष्यही घटकाभर थबकतो. छायाचित्रकाराला उजेड उत्तम मिळतो, आणि गणनेचे आकडे दप्तरी दाखल करावयासही तोच हंगाम सोयीचा पडतो. परंतु त्या थव्यातील प्रत्येक पक्षी हा वाचलेला पक्षी आहे, आणि जे वाचले नाहीत त्यांचा हिशेब त्यापूर्वी पाच-सहा महिने, उत्तरेकडील कोठल्यातरी डबक्याच्या काठी, दोन-तीन पावसाळी रात्रींत मिटलेला असतो, हे त्या थव्याकडे पाहताना कोणाच्या ध्यानी येत नाही. प्रस्तुत पुस्तकाचा विषय तो हिशेब आहे: बदकांची पिले कशाने जगतात, कशाने मरतात, आणि त्यात हवामानाचा वाटा किती व ज्या जागी ती जन्मली त्या जागेचा वाटा किती.

बदकाचे पिलू चिमणीच्या किंवा बुलबुलाच्या पिलाप्रमाणे आंधळे, उघडे आणि सर्वस्वी परावलंबी जन्मत नाही. डोळे उघडे, अंगावर दाट लव आणि पायांत चालण्याचे बळ घेऊनच ते अंड्याबाहेर येते. मादी रोज एक याप्रमाणे आठ-दहा अंडी घालते, परंतु शेवटचे अंडे पडेपर्यंत ती नेटाने उबवावयास बसत नाही, आणि त्यामुळे पहिल्या व शेवटच्या अंड्यात आठवड्याहून अधिक अंतर असूनही सारी पिले साधारणतः एकदमच बाहेर पडतात. लव सुकली, की बहुधा दुसऱ्याच दिवशी आई त्यांना घेऊन पाण्याकडे निघते, आणि त्या घरट्याकडे ते कुटुंब पुन्हा फिरकत नाही. येथे एक गोष्ट वाचकाने मनात पक्की करून ठेवावी, कारण पुढील सारे विवेचन तिच्यावर उभे आहे: बदकाची आई पिलांना भरवीत नाही. ती ऊब देते, सावध करते, शत्रू जवळ आल्यास पंख मोडल्याचे सोंग करून त्याला भलत्याच दिशेला नेते. पण घास मात्र तीस-पस्तीस ग्रॅम वजनाच्या त्या जिवाने पहिल्या दिवसापासून आपला आपणच मिळवावयाचा असतो. बलकाचा उरलेला अंश पोटात घेऊन ते जन्मते, ती शिदोरी एक-दोन दिवस पुरते. पुढे सारी भिस्त काठावर.

आता या देहाचे गणित पाहावे. देह जितका लहान तितका त्याचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने मोठा, आणि पृष्ठभाग मोठा तितकी आतली उष्णता बाहेर निसटण्याचा वेग अधिक. मॅलार्ड, म्हणजे हिरव्या डोक्याच्या नराचे ते बदक की जे आपल्या बहुतेक पाळीव बदकांचे मूळ पुरुष होय, त्याचे पिलू पहिल्या काही दिवसांत कडक थंडीत स्वतःच्या शरीराचे तापमान एकट्याने राखू शकत नाही. लवेत कोंडलेली हवा हेच त्याचे पांघरूण. लव कोरडी आहे तोवर ते पांघरूण उत्तम. परंतु थंड पावसाची झड तासन्‌तास चालली आणि लव एकदा चिंब झाली, म्हणजे हवेची जागा पाणी घेते आणि मग त्या पिलाला वाचविण्याचा आईच्या पोटाखाली शिरण्याखेरीज दुसरा उपाय उरत नाही.

हा प्रसंग ज्याने जवळून पाहिला आहे त्याला वेगळे सांगावयास नको. सरी पडू लागल्या की मादी पाण्याबाहेर येऊन एखाद्या उंचवट्यावर, गवताच्या आडोशाला, अर्धवट बसते आणि दोन्ही पंख अंगापासून किंचित सैल करते. पिले एकामागून एक त्या पंखांखाली शिरतात, जागेसाठी थोडी ढकलाढकल होते, एखाद्याची शेपटी बाहेरच राहते. पाऊस लांबला तर अर्ध्या-पाऊण तासाने आतील चुळबुळ वाढते. भूक लागलेले एखादे पिलू बाहेर पडते, मान लांब करून पाण्याच्या पृष्ठाशी समांतर धरते, आणि नुकतेच पंख फुटून वर आलेले चिलट उडावयाच्या आत टिपण्यासाठी धावत सुटते. दोन-तीन प्रयत्न फसतात, एक साधतो, आणि पुन्हा ओल्या अंगाने ते आईकडे परतते. पावसात मरणाऱ्या पिलांपैकी पुष्कळांचा मृत्यू या दोन गरजांच्या ओढाताणीत होतो. ऊब घ्यावी तर खाण्याचा वेळ जातो, आणि खावयास जावे तर ऊब जाते.

या ओढाताणीत हवामान आणखी एका आडवाटेने शिरते. पहिल्या दोन आठवड्यांत पिलाला पिसे आणि स्नायू घडवावयाचे असतात, त्यासाठी प्रथिने लागतात, आणि ती गवताच्या बियांतून पुरेशी मिळत नाहीत. म्हणून मोठेपणी जवळजवळ शाकाहारी होणाऱ्या जातींची पिलेही बालपणी किडे, अळ्या आणि बारीक गोगलगायी यांवर वाढतात. चिलटांच्या अळ्या तळाच्या गाळात असतात, त्या कोशात जाऊन पृष्ठभागावर येतात तेव्हा पिलांची पंगत बसते. थंडी पडली की ही चिलटे बाहेर पडण्याचे प्रमाण घटते. वारा सुटला की जी बाहेर पडली ती विखरून जातात, आणि लाटांमुळे पिलांना ती दिसणे व टिपणे दोन्ही दुरापास्त होते. म्हणजे ज्या दिवशी अधिक इंधन हवे नेमक्या त्याच दिवशी बाजार बंद असतो. उपाशी पिलाची वाढ खुंटते, आणि सावकाश वाढणारे पिलू लहान, म्हणजे सहज गिळता येण्याजोगे, अधिक दिवस राहते. घारीने किंवा बगळ्याने उचललेल्या पिलाच्या मृत्यूस कारण कोण, असा जबाब लिहावयाची वेळ आली तर बिचाऱ्या घारीच्या नावापुढे थंड वाऱ्याचेही नाव लिहावे लागेल.

सर्वच जातींना थंडी सारखी बाधते असे मात्र नाही. 1964 साली फिनलंडमधील कोस्किमीस आणि लाहती या दोघा संशोधकांनी युरोपातील दहा जातींच्या नवजात बदकांची थंडी सोसण्याची शक्ती ताडून पाहिली, तेव्हा समुद्रकाठी व थंड पाण्यात बुडी मारून चरणाऱ्या जातींची पिले मॅलार्डसारख्या उथळ डबक्यांत चरणाऱ्या जातींच्या पिलांपेक्षा कितीतरी चिवट आढळली. ज्या मुलखात जी जात पिढ्यान्‌पिढ्या अंडी घालीत आली, त्या मुलखाच्या हवेची नोंद तिच्या पिलांच्या अंगात आहे. परंतु चिवटपणालाही सीमा असते. स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर यिथन नदीच्या मुखाशी आयडर बदकांचा जो दीर्घ अभ्यास झाला, त्यात वादळी हवा आणि कुरव पक्ष्यांची भक्ष्यवृत्ती ही एकमेकांच्या हातात हात घालून चालतात असे दिसून आले: लाटांनी पिले आईपासून फुटली, थकली, की कुरवांना ती अलगद सापडतात.

या विषयाचे सर्वांत सखोल अध्ययन झाले ते उत्तर अमेरिकेच्या गवताळ प्रदेशात, आणि म्हणून प्रस्तुत पुस्तकाची अनेक पाने त्या मुलखाने व्यापली आहेत. कॅनडातील आल्बर्टा, सस्कॅचेवान व मॅनिटोबा हे प्रांत आणि त्यांच्या दक्षिणेस अमेरिकेतील डकोटा, मिनेसोटा, आयोवा ही राज्ये, यांत पसरलेल्या त्या विस्तीर्ण सपाटीवर हजारो वर्षांपूर्वी हिमनद्या मागे हटल्या, तेव्हा जमिनीत असंख्य उथळ खळगे राहून गेले. वसंतात बर्फ वितळले की ते भरतात, त्यांतील काही आठवड्या-दोन आठवड्यांत आटतात, काही ग्रीष्मापर्यंत तग धरतात, आणि थोडेच बारमाही राहतात. त्या खंडातील बदकांचा फार मोठा हिस्सा या खळग्यांच्या काठी जन्मतो. गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात लागोपाठ अवर्षणे पडून हे खळगे कोरडे पडले आणि बदकांची संख्या इतकी घसरली, की शिकाऱ्यांनाच त्याची धास्ती पडली. 1934 मध्ये अमेरिकेच्या सरकारने शिकाऱ्यांवर बदकाच्या चित्राच्या तिकिटाची सक्ती केली आणि त्याचे उत्पन्न पाणपक्ष्यांच्या आश्रयस्थानांकडे वळविले, 1938 मध्ये मॅनिटोबातील डेल्टा येथील दलदलीकाठी संशोधन केंद्र उभे राहिले, आणि तेथील आल्बर्ट हॉकबाउम यांचा कॅनव्हासबॅक बदकावरील ग्रंथ 1944 साली प्रसिद्ध झाला. शिकाऱ्यांच्या पैशातून पिलांचे शास्त्र उभे राहावे, ही गोष्ट आपल्याकडील अहिंसाप्रिय वाचकाला कदाचित रुचणार नाही. पण ती खरी आहे, आणि आपल्याकडे पक्षिप्रेमाच्या पैशातून तितके काम झालेले नाही, हेही तितकेच खरे आहे.

त्या गवताळ मुलखात जे दिसून आले ते आमच्या दुष्काळी तालुक्यांतील शेतकऱ्याला ऐकताक्षणी पटेल. पाण्याचे एकूण क्षेत्र किती, यापेक्षा लहान, हंगामी, आटणारे खळगे किती भरले आहेत यावर पिलांचे भवितव्य अधिक अवलंबून असते. बारमाही मोठ्या तलावात मासे असतात, ते किड्यांवर पिलांचे भागीदार होतात, आणि पाणमांजराचा भाऊबंद असलेला मिंक हा काठाकाठाने फिरणारा शिकारीही तेथेच वस्ती करून असतो. उलट वर्षातून काही महिने तळ कोरडा पडणाऱ्या खळग्यात मासे टिकत नाहीत, मिंकाला कायमचे घर मिळत नाही, वाळलेल्या तळातील वनस्पती कुजून पुन्हा पाणी येताच किड्यांची जी अमाप पैदास होते ती सारी पिलांच्या वाट्याला येते. खळगे भरपूर असले की कुटुंबे पांगतात, एका ठिकाणचे खाद्य सरले तर दुसरे ठिकाण जवळच सापडते. ते आटले, तर त्याच कुटुंबांना उघड्या रानातून कधी मैलभर पायी चालावे लागते, आणि जी थोडी पाण्याची ठिकाणे उरतात तेथे बदके आणि त्यांचे वैरी यांची एकत्र गर्दी होते. त्यात हिंसक ऋतूंचा तडाखा वेगळाच: 1953 च्या जुलैत आल्बर्टात झालेल्या गारपिटीने हजारो पाणपक्षी, लहान आणि मोठे, जागच्या जागी ठार केले. गारपिटीपुढे कोणत्याही काठाचे काही चालत नाही हे कबूल. पण गारपीट हा अपवाद आहे, आणि थंड पाऊस हा नित्याचा.

येथे हवामान आणि अधिवास यांचे हिशेब एका खात्यात कसे येतात ते स्पष्ट होते. पाऊस हाच पिलांचा वैरी आणि पाऊस हाच त्यांचा पोशिंदा. गतवर्षीच्या हिमाने आणि वसंतातील पावसाने खळगे भरले म्हणून पिलांना काठ मिळाला. आणि पिलू चार दिवसांचे असताना तोच पाऊस थंड वाऱ्यासह आला म्हणून ते गारठून मेले. परंतु दाट लव्हाळ्याचा आडोसा, उथळ पाणी आणि किड्यांची समृद्धी जेथे आहे तेथे ज्या झडीत कुटुंबातील एखाद-दुसरे पिलू दगावते, त्याच झडीत उघड्या, चराईने बोडक्या झालेल्या काठावरचे अख्खे कुटुंब नाहीसे होऊ शकते. हवामानाचा आघात सर्वत्र तोच; तो किती खोल जावा हे काठ ठरवितो. मला या पुस्तकात जे प्रतिपादन करावयाचे आहे ते इतकेच आहे, आणि पुढील प्रकरणांतील आकडे व उदाहरणे या एका मुद्द्याच्या पुष्ट्यर्थ आहेत.

गणनेच्या पद्धतीविषयी चार शब्द लिहिणे भाग आहे, कारण येथे चांगले चांगले निरीक्षकही फसतात. पिलांचे वय ओळखण्यासाठी गोलॉप आणि मार्शल यांनी 1954 साली मांडलेली रीत आजही उपयोगी पडते: केवळ लव असलेली, काही अंगावर पिसे फुटलेली, आणि पूर्ण पिसांची पण अद्याप उडता न येणारी, अशा तीन अवस्था, प्रत्येकीचे पोटविभाग वेगळे. पूर्वी निरीक्षक पहिल्या अवस्थेतील कुटुंबांत सरासरी किती पिले आणि तिसऱ्या अवस्थेत किती, याची वजाबाकी करीत आणि मरणाचे प्रमाण काढीत. ज्या मादीची सर्व पिले गेली ती मात्र तिसऱ्या अवस्थेच्या मोजणीत येतच नाही. ती एकटी पोहत असते, आणि तिच्यामागे कधी काळी आठ पिले होती हे कोणी लिहून ठेवलेले नसते. पुढे माद्यांच्या अंगावर रेडिओयंत्रे बसवून त्यांचा माग काढण्यात आला, तेव्हा असे समूळ बुडालेले संसार किती अधिक असतात ते कळले, आणि जुने अदमास फार आशावादी ठरले. मॅलार्डची निम्मी पिले उडण्याच्या वयापर्यंत पोहोचली तर तो हंगाम चांगला म्हणावा, आणि मेलेल्यांपैकी बहुसंख्य पहिल्या पंधरवड्यातच मेलेली असतात.

महाराष्ट्रात हिवाळी पाहुण्यांची पिले नसतात, पण येथेच वीण करणारी बदके आहेत आणि त्यांची कथा या मुलखाच्या पावसाळ्याशी बांधलेली आहे. हळदी-कुंकू बदक पाऊस स्थिरावला की काठच्या गवतात घरटे करते. अडई आणि काणूक यांना झाडांच्या ढोली आवडतात, व त्यांची पिले ढोलीच्या तोंडाशी येऊन खाली उडी टाकतात. कडाक्याची थंडी येथील पिलांच्या वाट्याला क्वचितच येते. त्यांचे संकट दुसरे आहे. मृग-आर्द्रा बरसल्या, तळी भरली, बदके अंड्यावर बसली, आणि मग पावसाने महिनाभर ओढ दिली, तर पिले बाहेर पडतात तेव्हा पाणी गवतापासून मागे हटलेले असते. मधला चिखलाचा उघडा पट्टा त्यांना कावळ्यांच्या आणि घारींच्या डोळ्यांदेखत ओलांडावा लागतो. उलट हस्ताचा पाऊस एका रात्रीत तळ्याची पातळी हातभर चढवितो, आणि उशिरा घातलेली काठावरची अंडी बुडतात. पाण्यातही सारे क्षेम नसते: मोठा मरळ, आणि पालनास बंदी असूनही जलाशयांत शिरलेला परदेशी मांगूर, यांना पोहणारे पिलू हे पोहणाऱ्या बेडकाइतकेच ग्राह्य.

या संकटांतून पिलांना तारणारी जी जागा, तिची आपल्या महसुली दप्तरातील नोंद बहुधा पोटखराब्यात असते. शेताच्या सखल कोपऱ्यात श्रावणात साचणारे आणि दिवाळीनंतर आटणारे पाणी, ओढ्याकाठची पाणथळ, जुन्या गावतळ्याचा गवताळ फुगवटा: यांवर आकारणी नाही, म्हणून यांना मोल नाही, अशी समजूत दृढ झाली आहे. अमेरिकेतही एकोणिसाव्या शतकात कायदे करून अशा जमिनी निचरा करण्यासाठी राज्यांच्या हवाली करण्यात आल्या, आणि एकट्या आयोवाने आपल्या दहांपैकी नऊ हिस्से पाणथळी गमावल्या. आमच्याकडे शेततळी वाढली, हे खरे आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने इष्टही आहे. परंतु खडा उतार आणि त्यावर प्लास्टिकचे गुळगुळीत अस्तर असलेल्या शेततळ्यात पाणी आहे, काठ नाही. तेथे गवत उगवत नाही, गाळात अळ्या होत नाहीत, आणि चुकून आत उतरलेल्या पिलाला बाहेर चढता येत नाही. मोठ्या धरणांच्या काठी पाणी ओसरताच गाळपेर होते आणि पिलांचा आडोसा नांगराखाली जातो. मात्र गाळपेराची जमीन पुष्कळदा धरणग्रस्तांच्या आणि भूमिहीनांच्या वाट्याला येते, तेव्हा बदकांच्या नावाने तिच्यावर गदा आणावी असे मी म्हणणार नाही. काठाचा काही हात रुंदीचा पट्टा न नांगरता सोडणे एवढी तजवीज मात्र कोणाचे पोट न मारता होऊ शकेल.

याबाबतीत भंडारा-गोंदियाकडील मालगुजारी तलाव पाहण्याजोगे आहेत. कोहळी मंडळींनी उतार पाहून बांधलेले ते तलाव एका बाजूस पाळीशी खोल आणि दुसऱ्या बाजूस कोसभर उथळ होत जातात. त्या उथळ अंगाला देवधान, कमळ आणि नाना जातींचे पाणगवत माजते, आणि अडई-काणुकांची पिले तेथे वाढतात. ते तलाव बदकांसाठी बांधले नव्हते, भातासाठी बांधले होते. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, गाळ आणि बेशरम यांनी कित्येकांचे काठ गिळले. परंतु जेथे गावातील ढीवर मंडळींनी बेशरम उपटून पाणवनस्पती पुन्हा लावल्या, तेथे मासे आणि पक्षी दोन्ही परतले. कोणत्या काठाला कोणते गवत, आणि कोणत्या गवतात कोणती पिले, हे त्या मंडळींना जितके ठाऊक आहे तितके ग्रंथांतून मिळत नाही, आणि या पुस्तकाच्या उत्तरार्धात जे काही नवे आढळेल त्याचे श्रेय त्यांना आहे.

हे पुस्तक हाती घेऊन जो वाचक तळ्याकडे जाईल त्याला एक विनंती आहे. पिले लवेत असतील तोवर, आणि विशेषतः पाऊस वा वारा असताना, जवळ जाऊ नये. होडी तर नेऊच नये. माणूस दिसताच मादी पंखांखालची पिले सोडून पाण्यात उतरते आणि त्याला दूर नेण्यासाठी तडफडण्याचे सोंग करीत राहते. तो जाईपर्यंत ती परत फिरत नाही, आणि तेवढ्या वेळात गवतात लपलेली ओली पिले थंड होत असतात. पाळीवरून, दुर्बिणीने, अवस्था कोणती, पिले किती, काठ कसला आणि त्या दिवशी हवा कशी होती, एवढे टिपून घ्यावे. आठवड्याने त्याच काठाला त्याच मादीसह किती उरली तेही टिपावे, आणि मादी एकटी दिसली तर ती नोंद सर्वांत आधी करावी.